कार्यकर्ता अनाम असो, कार्य अनाम नको

(स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात ‘सेवाकार्य आणि समाजमाध्यमे’ या विषयावर झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



‘सेवाकार्य आणि समाजमाध्यमे’ हे विषयाचे नाव ऐकताच या सभागृहात दोन प्रकारचे विचार उमटले असतील. तरुण कार्यकर्त्यांना वाटले असेल की, फेसबुक आणि व्हॉट्सअॅप आम्ही रोजच वापरतो, त्यात शिकण्यासारखे काय आहे? ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या मनात मात्र वेगळीच खळबळ असेल. आयुष्यभर आपण प्रसिद्धीपासून दूर राहून काम केले. आता आपल्याच कामाचे ढोल आपणच पिटायचे काय, असा तो प्रश्न आहे. मी या दुसऱ्या प्रश्नापासून प्रारंभ करणार आहे. त्याचे समाधानकारक उत्तर मिळाल्याशिवाय पुढचे सारे तंत्रज्ञान व्यर्थ आहे, असे माझे मत आहे.

प्रसिद्धीपराङ्मुखतेचा खरा अर्थ

या हाताने दिलेले त्या हाताला कळू नये, अशी आपली शिकवण आहे. गुप्तदानाला आपण श्रेष्ठ मानतो. कळसाचा दगड होण्यापेक्षा पायाचा दगड व्हावे, हे तर येथील प्रत्येकाने अनेकदा ऐकले आणि आचरणात आणले आहे. या शिकवणीमागे मनुष्यस्वभावाची खोल जाण आहे. सेवेतून अहंकार जन्माला आला, तर तो सेवा आणि सेवक या दोघांनाही गिळून टाकतो. म्हणून कार्यकर्त्याने स्वतःला मागे ठेवावे, हे योग्यच आहे.

तथापि या शिकवणीचा अर्थ लावताना आपण दोन गोष्टींची सरमिसळ करतो. व्यक्तीने अनाम राहणे ही एक गोष्ट आणि कार्य अज्ञात राहणे ही दुसरी गोष्ट. पायाचा दगड दिसत नाही हे खरे, पण त्या पायावर उभ्या असलेल्या वास्तूला दार असते, दारावर पाटी असते आणि रात्री दारात दिवाही लावलेला असतो. दवाखान्यावर पाटीच लावली नाही, तर त्याला कोणी नम्रता म्हणणार नाही. त्यामुळे रुग्ण मात्र दारावरून परत जाईल.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याएवढा निगर्वी माणूस शोधून सापडणार नाही. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. त्यासाठी ते गावोगाव हिंडले, व्याख्याने दिली, लहान-लहान देणग्या गोळा केल्या. १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन झाले आणि १९२९ मध्ये, वयाची सत्तरी उलटल्यावर, ते त्या कार्याची माहिती देण्यासाठी युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. पुढे आफ्रिकेतही गेले. अण्णांनी स्वतःचे स्तोम कधी माजविले नाही. पण कामाविषयी बोलण्याचा संकोचही बाळगला नाही.

दुसरे उदाहरण पैसा फंडाचे. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येक माणसाकडून एक-एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभारण्याची कल्पना मांडली. लोकमान्यांनी तिला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. आज ज्याला ‘क्राउडफंडिंग’ म्हणतात, ते महाराष्ट्राने शतकापूर्वी करून दाखविले होते. एक पैसा देणाऱ्या माणसाला आपला पैसा कशासाठी जात आहे हे सांगावे लागते. त्यासाठी त्या काळी सभा आणि वृत्तपत्रे होती. आज त्यांच्या जोडीला प्रत्येकाच्या खिशातला भ्रमणध्वनी आला आहे. साधन बदलले, सांगण्याचे कर्तव्य तेच राहिले.

दोन्ही तीरांवर माणसे उभी आहेत

कार्य अज्ञात राहिल्याने नेमके कोणाचे नुकसान होते? आपल्या डोळ्यांसमोर प्रथम देणगीदार येतो. महाराष्ट्रातील मध्यमवर्ग कृपण आहे, असा एक समज आहे. तो खोटा ठरविणारा अनुभव ‘लोकसत्ता’ने २०११ पासून गणेशोत्सवात चालविलेल्या ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या उपक्रमाने दिला. दर वर्षी काही निवडक संस्थांचा तपशीलवार परिचय छापावयाचा आणि वाचकांना धनादेश पाठविण्याचे आवाहन करावयाचे, एवढीच ती योजना. वाचकांनी तिला वर्षानुवर्षे भरभरून प्रतिसाद दिला. पैसा होता, देण्याची इच्छाही होती. उणीव होती ती विश्वासार्ह परिचयाची. परंतु एखादे वृत्तपत्र वर्षाकाठी किती संस्थांचा परिचय करून देणार? उरलेल्यांना आपला परिचय आपणच करून द्यावा लागेल.

देणगीदाराहूनही महत्त्वाचा असा एक माणूस पलीकडच्या तीरावर उभा आहे आणि त्याचा आपल्याला अनेकदा विसर पडतो. ज्याच्यासाठी संस्था काढली, तोच हा माणूस. तालुक्याच्या गावातील एक आई डोळ्यांसमोर आणा. तिचे दीड वर्षाचे मूल हाकेला मान वळवीत नाही. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘बोलेल उशिरा, त्याचा बापही उशिराच बोलला होता.’ तिचे मन मात्र मानत नाही. रात्री सारे झोपल्यावर ती भ्रमणध्वनीवर मराठीतून लिहिते, ‘मूल ऐकत नाही, काय करावे?’ कर्णबधिर मुलाच्या बाबतीत पहिली काही वर्षे भाषा शिकण्याची असतात. श्रवणयंत्र आणि प्रशिक्षण जितके लवकर मिळेल, तितके मूल बोलण्याच्या जवळ जाते. अशा वेळी त्या आईला काय सापडते? एखाद्या जादूई औषधाची जाहिरात सापडते. कदाचित तिच्यापासून तीस-चाळीस किलोमीटरवर कर्णबधिर मुलांसाठी निष्ठेने चालविलेली एखादी शाळा असेल. पण आंतरजालावर त्या शाळेचे नावच नाही आणि असले तर पाच वर्षांपूर्वीच्या स्नेहसंमेलनाच्या एका छायाचित्रापुरते. त्या शाळेने प्रसिद्धी टाळली. त्याची किंमत त्या मुलाने मोजली. हा विचार ज्याच्या मनात रुजला, त्याला समाजमाध्यमांचे काम उथळ वाटणार नाही.

आपले मौन इतरांच्या हाती पडते

समाजमाध्यमे निर्दोष आहेत, असे माझे म्हणणे मुळीच नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जे घडले, ते महाराष्ट्राने विसरता कामा नये. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा भ्रमणध्वनीवरून पसरल्या होत्या. त्या संशयाच्या भरात जमावाने भिक्षा मागून जगणाऱ्या भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, असे बंधन आणले.

या घटनेतून काही जण असा निष्कर्ष काढतात की, या माध्यमांपासून दूरच राहावे. मला नेमके उलट वाटते. भटक्या-विमुक्तांमध्ये काम करणाऱ्या संस्था आणि कार्यकर्ते महाराष्ट्रात आहेत. ही माणसे कोण आहेत, कोणत्या वेषात येतात, कशासाठी गावोगाव फिरतात, हे त्यांना ठाऊक आहे. ते ज्ञान एखाद्या लेखात अथवा अहवालात असते. गावातील तरुणाच्या हातातील पडद्यावर ते नसते. तेथे अफवा असते. राईनपाड्याची माणसे एका चित्रफितीने वाचली असती, असा दावा कोणी करू नये. पण खरे जाणणारे गप्प असले की खोटे सांगणाऱ्याला रान मोकळे मिळते, हे तर निश्चित. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आपण याच माध्यमाची दोन्ही रूपे पाहिली. प्राणवायू आणि खाटांच्या शोधात बंद पडलेले दूरध्वनी क्रमांक हजारो वेळा पुढे पाठविले जात होते आणि त्याच वेळी काही तरुण एकेक क्रमांक स्वतः फिरवून पडताळून, वेळ नोंदवून, खात्रीच्या याद्या प्रसृत करीत होते. सेवासंस्थेची समाजमाध्यमांवरील पहिली ओळख ही असली पाहिजे की, येथून येणारी माहिती तपासलेली असते.

भाड्याची खोली आणि स्वतःचे घर

आता थोडे व्यवहाराकडे वळू. नव्याने सुरुवात करणाऱ्या संस्था सहसा फेसबुकचे पान उघडतात आणि तेवढ्यावर थांबतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. समाजमाध्यमांवरील आपली जागा ही भाड्याची खोली आहे. घरमालक केव्हाही नियम बदलू शकतो, खोली रिकामी करावयास सांगू शकतो. एके काळी भारतातील तरुणाई ‘ऑर्कुट’वर होती, सप्टेंबर २०१४ मध्ये ते बंद झाले. ‘गुगल प्लस’ एप्रिल २०१९ मध्ये गुंडाळले गेले. ‘टिकटॉक’वर जून २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने मित्र आणि कुटुंबीयांच्या मजकुराला अग्रक्रम देण्याचे जाहीर केले. परिणामी, ज्यांनी वर्षानुवर्षे खपून हजारो अनुसारक मिळविले होते, त्या संस्थांचा मजकूर त्यांच्यातील थोड्याच लोकांपर्यंत पोहोचू लागला.

म्हणून संस्थेचे स्वतःचे संकेतस्थळ, लहान का असेना, असलेच पाहिजे. ते भपकेबाज असण्याची आवश्यकता नाही. संस्था काय करते, कोणासाठी करते, कोठे करते, संपर्क कसा साधावा, नोंदणी क्रमांक कोणता, विश्वस्त कोण आणि मागील वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, एवढे पाच-सहा पानांत स्वच्छ मांडलेले असले तरी पुरे. समाजमाध्यमांवरून लोकांना याच घरी बोलवावे. ‘गुगल’ची पात्र सेवासंस्थांसाठी एक योजना आहे. तीत दरमहा १०,००० डॉलरपर्यंतच्या शोध-जाहिराती विनामूल्य मिळतात. परंतु त्यासाठीही स्वतःचे संकेतस्थळ लागते. ‘गुगल मॅप्स’वर संस्थेचे ठिकाण, वेळ आणि दूरध्वनी क्रमांक नोंदविण्यास तर एक पैसाही पडत नाही. त्या आईला शाळेचा रस्ता सापडावयाचा असेल, तर हे काम पहिल्याच आठवड्यात करावे.

मराठी संस्थांची म्हणून आणखी एक अडचण आहे. आपले कितीतरी अहवाल आणि लेख जुन्या, छपाईसाठी केलेल्या अक्षरवळणांत टंकित केलेले आहेत. ते कागदावर सुंदर दिसतात. पण आंतरजालावर त्यांचा अर्थहीन गिचमिड मजकूर होतो. अनेक जण यावर तोडगा म्हणून संपूर्ण मजकुराचे चित्र करून टाकतात. शोधयंत्राला चित्रातील मराठी सहजी वाचता येत नाही आणि दृष्टिहीनांसाठी पडदा वाचून दाखविणाऱ्या प्रणालीलाही चित्रापुढे थांबावे लागते. तेव्हा मजकूर युनिकोड मराठीतच लिहावा आणि तोही लोकांच्या बोलण्यातील शब्दांत. संस्थेच्या उद्दिष्टांत ‘श्रवणदोषबाधित बालकांचे पुनर्वसन’ असे लिहिलेले असते. आई मात्र ‘मूल ऐकत नाही’ असे शोधते. आपल्या पानावर हे दोन्ही शब्द असावेत.

काय सांगावे?

सेवासंस्थांची पाने उघडून पाहिली तर बहुधा काय दिसते? सत्कार, हारतुरे, दीपप्रज्वलन, पाहुण्यांना शाल-श्रीफळ. छायाचित्रात दहा माणसे रांगेने उभी आणि ज्यांच्यासाठी कार्यक्रम झाला ती मुले पाठमोरी. ज्येष्ठांना ज्या आत्मप्रौढीचे भय वाटते, ती हीच आहे आणि येथे त्यांचे भय रास्त आहे. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक वेळी काही लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारावे की, हे वाचून वाचणाऱ्याच्या हाती काय पडेल? एखादी उपयुक्त माहिती, केलेल्या कामाचा हिशेब किंवा सहभागी होण्याची संधी, यांपैकी काहीच पडणार नसेल, तर ते लिहू नये.

माहिती देण्याचे उत्तम उदाहरण पाणी फाउंडेशनचे आहे. २०१६ साली वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत पाणलोटाच्या कामाची स्पर्धा सुरू झाली. २०१८ पर्यंत ती ७५ तालुक्यांत पोहोचली. या विस्तारामागे गावकऱ्यांचे श्रमदान होते, प्रत्यक्ष प्रशिक्षण होते आणि त्यांच्या जोडीला समतल चर कसा खोदावा, माती कशी अडवावी, हे सोप्या मराठीत समजावून देणाऱ्या चित्रफिती होत्या. त्यांच्यामागे नामवंतांचे वलय होते, हे मान्य. पण चर खोदण्याची चित्रफीत गावकरी पुन्हा पाहतो, ती वलयासाठी नव्हे. त्याला चर खोदावयाचा असतो म्हणून. आपल्या प्रत्येक संस्थेकडे असे काही ज्ञान आहे. वसतिगृह चालविणाऱ्याला शिष्यवृत्तीचे अर्ज ठाऊक आहेत, रक्तपेढीला रक्तदानाविषयीचे गैरसमज ठाऊक आहेत. ते दोन मिनिटांत बोलून दाखवावे. भ्रमणध्वनी स्थिर धरावा, उजेड समोरून घ्यावा आणि आवाज स्पष्ट येईल याची काळजी घ्यावी. याहून मोठी सामग्री लागत नाही.

हिशेब म्हणजे केवळ रुपये नव्हेत. मागील महिन्यात काय ठरविले होते, त्यातील काय झाले आणि काय राहिले, हेही त्यात आले. अडचण मोकळेपणाने सांगणाऱ्या संस्थेवर लोकांचा विश्वास वाढतो. आवाहनही नेमके असावे. ‘सढळ हाताने मदत करा’ याने कोणी हलत नाही. ‘वसतिगृहाला जूनपूर्वी बारा गाद्या हव्यात’ असे म्हटले, तर एक कुटुंब एक गादी देते. आणि गाद्या मिळाल्या की ‘आता पुरे, आभारी आहोत’ हेही तितक्याच तत्परतेने लिहावे. पुरासारख्या आपत्तीत तर गरज दररोज बदलते. काय हवे याइतकेच काय नको हे सांगणे मोलाचे ठरते.

लाटेच्या मोहात मात्र पडू नये. २०१४ मध्ये अमेरिकेत डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घेण्याचे आव्हान जगभर गाजले. एएलएस या मज्जापेशींच्या दुर्धर आजारासाठी काम करणाऱ्या तेथील संघटनेला त्यातून सुमारे साडेअकरा कोटी डॉलर मिळाले आणि त्या निधीचा संशोधनाला उपयोगही झाला. परंतु पुढच्या वर्षी तीच लाट पुन्हा उठविण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा ती तशी उठली नाही. लाट आपल्या हाती नसते. दर आठवड्याला एक प्रामाणिक नोंद लिहिणे आपल्या हाती असते. किती जणांनी अंगठा उंचावला, हे मोजण्यापेक्षा किती जणांनी दूरध्वनी केला, किती जण प्रत्यक्ष येऊन गेले आणि त्यांतील किती पुन्हा आले, हे मोजावे.

ज्याला मदत केली, त्याचा मान

आता मी ज्या मुद्द्यावर येत आहे, तो या भाषणातील सर्वांत महत्त्वाचा आहे. कार्य सांगावे हे खरे, पण ते कोणाच्या मानाच्या मोलाने? वह्या वाटताना मुलाला कॅमेऱ्याकडे पाहावयास लावणे, धान्याची पिशवी घेणाऱ्या विधवेचा चेहरा हजारो अनोळखी लोकांपुढे ठेवणे, यात आपल्याला काही वावगे वाटेनासे झाले आहे. ते मूल उद्या मोठे होईल, नोकरीस लागेल, त्याचे लग्न ठरेल आणि कोणीतरी त्याचे नाव शोधून ते छायाचित्र बाहेर काढील. वर्तमानपत्राचे चित्र रद्दीत जाते; आंतरजालावरचे चित्र पुसू म्हटले तरी पुसता येत नाही. गुप्तदानाच्या शिकवणीचे खरे स्थान येथे आहे. दात्याचा अहंकार वाढू नये, एवढाच तिचा हेतू नाही. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हाही आहे.

कायदाही याविषयी स्पष्ट आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र अशी ओळख पटविणारी कोणतीही माहिती प्रसिद्ध करण्यास मनाई असून त्यासाठी कारावास आणि दंडाची तरतूद आहे. बालगृह चालविणाऱ्यांनी हे कलम कार्यालयात लावून ठेवावे. एचआयव्हीबाधितांची ओळख त्यांच्या संमतीवाचून उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने प्रतिबंध केला आहे. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी तो पालकांच्या संमतीची अट घालतो.

पण कायद्याच्या अगोदर आपली एक कसोटी असावी. हे छायाचित्र माझ्या बहिणीचे, माझ्या मुलाचे असते, तर मी ते लावले असते काय? उत्तर नकारार्थी असेल, तर ते लावू नये. कामाची गोष्ट चेहऱ्यावाचूनही सांगता येते. शिवणयंत्रावरचे हात, शाळेच्या दाराशी ओळीने काढून ठेवलेल्या चपला, शेतातील बांध पुरेसे बोलतात. आणि ज्याला स्वतःची कहाणी सांगावयाची इच्छा आहे, त्याला ती त्याच्या शब्दांत सांगू द्यावी. प्रसिद्ध करण्यापूर्वी त्याला दाखवावी आणि तो नको म्हणाला तर सुखाने बाजूला ठेवावी.

किल्ल्या कोणाकडे?

संस्थेच्या तिजोरीच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, हे आपण ठरावाने ठरवितो. समाजमाध्यमांच्या किल्ल्यांचे मात्र सारे वाऱ्यावर असते. कोणी उत्साही तरुण स्वतःच्या क्रमांकावरून आणि ई-मेलवरून पान उघडतो. नोकरीसाठी तो परगावी जातो आणि पान अनाथ होते. तेव्हा खाते संस्थेच्या ई-मेलवर असावे, किमान दोघांकडे अधिकार असावेत, सांकेतिक शब्दांची नोंद कार्यवाहांकडे मोहोरबंद असावी आणि काय प्रसिद्ध करावयाचे याची जबाबदारी एका व्यक्तीकडे सोपवावी. संस्थेच्या पानावरून कोणाशीही वाद घालू नये आणि कार्यकर्त्याची वैयक्तिक मते तेथे येऊ देऊ नयेत, हे पथ्यही तिने सांभाळावे.

व्हॉट्सअॅपच्या गटात सुप्रभातच्या फुलांखाली महत्त्वाची सूचना बुडून जाते. देणगीदार आणि हितचिंतकांसाठी ‘ब्रॉडकास्ट’ यादी करावी. संदेश प्रत्येकाला स्वतंत्रपणे जातो. मात्र ज्याने आपला क्रमांक जतन केला आहे, त्यालाच तो मिळतो, हे प्रत्येकाला आधी सांगावे.

पैशाच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. २०२० मध्ये ‘पीएम केअर्स’ निधीची घोषणा होताच त्याच्या नावाशी एका अक्षराचा फरक असलेले बनावट यूपीआय पत्ते निघाले होते. आपला क्यूआर कोड फिरत्या संदेशावर अवलंबून ठेवू नये. खरा कोड संकेतस्थळावर आहे, तेथेच पडताळून पाहा, असे प्रत्येक आवाहनात लिहावे. देणगीवरील करसवलत सांगताना २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर ती मिळत नाही, हेही सांगावे. आणि परदेशस्थ मराठी माणसांना आवाहन करताना विशेष सावध असावे. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय अंशदान ठरत नाही. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले, त्याची ठरते, मग तो मूळचा सदाशिव पेठेतला का असेना. अशी देणगी नोंदणीवाचून अथवा पूर्वपरवानगीवाचून स्वीकारता येत नाही आणि नोंदणी असली तरी ती प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील विशेष खात्यातच यावी लागते.

कुटुंबांकडून अपेक्षा

हे सारे ऐकून लहान संस्थेचा कार्यकर्ता म्हणेल, ‘सकाळी मुलांना उठविण्यापासून रात्री हिशेब लिहिण्यापर्यंत मी एकटा आहे, हे केव्हा करू?’ त्याचे म्हणणे खरे आहे. त्याने हे करू नये. ते आपण करावे. शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबांकडून आजवर आपण धन मागितले, धान्य मागितले. आता कौशल्यही मागावयाचे आहे.

प्रत्येक कुटुंबाने आपल्या परिचयाची एक संस्था निवडावी आणि आठवड्यातून दोन तास तिला द्यावेत. आधी एकदा प्रत्यक्ष जाऊन यावे. न पाहिलेल्या कामाविषयी लिहू नये. मग घरातील निवृत्त शिक्षकाने मजकूर शुद्ध, सोप्या मराठीत लिहावा. जुने अहवाल युनिकोडमध्ये आणावेत. महाविद्यालयात जाणाऱ्या मुला-मुलीने संकेतस्थळ आणि चित्रफितींचे काम पाहावे. लेखापाल असलेल्याने हिशेबाचे पान दर वर्षी अद्ययावत आहे ना, हे तपासावे. ज्या घरात आजोबा आणि नात एकाच पडद्यापुढे बसून एखाद्या वसतिगृहाची बातमी लिहितील, त्या घरात सेवेचा संस्कार वेगळा शिकवावा लागणार नाही. मात्र सूत्रे संस्थेकडेच राहू द्यावीत आणि वर्षभरात तेथील एखाद्या कार्यकर्त्याला हे काम शिकवून आपण बाजूला व्हावे.

बंधू-भगिनींनो, येथून परत गेल्यावर प्रत्येकाने एक काम करावे. आपल्या संस्थेचे नाव न लिहिता, ज्या प्रश्नावर आपण काम करतो तो प्रश्न, अडचणीत सापडलेल्या माणसाच्या शब्दांत, आपल्या गावाच्या नावासह आंतरजालावर शोधून पाहावा. आपली संस्था सापडली, तर तिथली माहिती आजची आहे ना, हे पाहावे. सापडली नाही, तर त्याच दिवशी कामाला लागावे. रात्री दाराशी आलेल्या माणसाला पाटी वाचता यावी, म्हणून लावलेल्या दिव्याला कोणी आत्मप्रौढी म्हणत नाही.